अस्मानीतली सुलतानी

लिहिणाऱ्याला चुकलेले खोडता येते. कीर्तनकाराला ती सोय नाही. एकदा नारदांच्या गादीवर उभे राहून शब्द तोंडातून गेला की तो श्रोत्यांचा झाला. चाळीस वर्षे मी त्या गादीवर उभा राहिलो. पाच वर्षांपूर्वी घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला मनाई केली आणि टाळ खुंटीला लागला. आता वेळ रिकामा असतो, आणि रिकाम्या वेळी बोललेले आठवत राहते. त्यातले पुष्कळसे आठवून बरे वाटते. एक उत्तर मात्र असे आहे की ते आठवले की आजही कानशिले गरम होतात. ते मी शास्त्राला धरून दिले होते. त्यात चूक काढायला कोणालाही जागा नव्हती, आणि तरी ते चुकले होते. कसे चुकले हे मला कोणा शास्त्रीबुवांनी दाखवले नाही. झाडांपाखरांवर आणि हवापाण्यावर लिहिलेल्या चार पुस्तकांनी दाखवले. सज्जनहो, आज त्या पुस्तकांविषयी आणि त्या उत्तराविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

२०१४ ची गारपीट आपल्यातल्या अनेकांनी भोगली आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरुवात झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात, विदर्भात, आमच्या सोलापूरकडे आज इथे, उद्या तिथे गारा पडत राहिल्या. काढणीला आलेला शाळू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे फुटले, द्राक्षांच्या बागांचा चिखल झाला. तशात तुकोबारायांच्या बीजेचा सप्ताह एका गावी ठरलेला होता. सप्ताह करावा की नाही यावर गावात दोन तट पडले. शेवटी वीणा खाली ठेवायची नाही असे ठरले. पंगतीला आमटी-भाकरी केली, मंडप घातलाच नाही, देवळातच कीर्तने झाली. पाचव्या दिवशी माझी सेवा होती.

देव ठेवील तसे राहावे, या अर्थाचा तुकोबांचा अभंग सर्वांना ठाऊक आहे, तोच मी घेतला. आता वाटते, घेताना जरा थांबायला हवे होते. संचित म्हणजे काय, प्रारब्ध म्हणजे काय, क्रियमाण म्हणजे काय, हे सगळे नीट उकलून सांगितले. सुटलेला बाण परत येत नाही तसे प्रारब्ध भोगल्याशिवाय सुटत नाही, हा नेहमीचा दृष्टांत दिला. टाळकऱ्यांनी चाल उचलून धरली, लोक रडले. कीर्तन रंगले असे सगळे म्हणाले.

मग आरती झाली, प्रसाद झाला, आणि माणसे पांगल्यावर एक माळकरी शेतकरी माझ्यापाशी येऊन बसला. पंचेचाळीसच्या आसपास वय असेल. चार एकर शाळू आणि एकरभर डाळिंब होते, दोन्ही गेले होते.

"महाराज, एक विचारू का?"

"विचारा की माउली."

"माझं प्रारब्ध म्हणालात, ते मी घेतलं पदरात. मी काही धुतल्या तांदळाचा नाही. पण आमच्या बांधावर बाभळ आहे. रात्रीचे पोपट असतात तिच्यावर. सकाळी गेलो तर खाली नुसता हिरवा सडा. टोपली भरली, महाराज. मी नि पोरानं खड्डा काढून पुरले. त्यांचं कसलं प्रारब्ध?"

मला उत्तर शोधावे लागले नाही. आळंदीला असताना पाठ केलेले होते. मी म्हणालो, "मनुष्य ही कर्मयोनी, पशुपक्षी ही भोगयोनी. त्यांना नवे कर्म करता येत नाही. मागचे भोगून मोकळे होतात. ते पोपट सुटले असे समजा."

त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग वाकून पायाला हात लावला आणि गेला. पुढच्या दोन वर्षी त्याच गावात माझे कीर्तन झाले. तो आला नाही. टाळ वाजवायला त्याचा मुलगा यायचा, तोही येईनासा झाला.

या गोष्टीला सहा-सात वर्षे झाली आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नात शेतकी महाविद्यालयात शिकत होती. सुटीत घरी आली की ज्ञानेश्वरीच्या ओव्या ती मला वाचून दाखवी. एकदा म्हणाली, "आबा, तुमचं मी वाचते, आता माझं तुम्ही ऐका." तिच्या पिशवीत निसर्गावरची पुस्तके होती. इंग्रजी मला येत नाही. ती एकेक परिच्छेद वाची आणि मराठीत सांगे, मध्येच शब्द अडला तर आम्ही दोघे मिळून त्याला शब्द शोधू.

निसर्गावरचे लेखन मला अगदी अनोळखी होते असे नाही. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' मी तरुणपणी वाचले होते. ते १९५६ सालचे. आपल्या महिन्यांप्रमाणे झाडापानांचे, फुलांचे, आभाळाचे रूप त्यात सांगितले आहे. मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांवरच्या आपल्या एका पुस्तकाला जनाबाईंच्या अभंगातले शब्द नाव म्हणून दिले, त्याचे आम्हा कीर्तनकारांना कोण कौतुक! ही पुस्तके वाचताना मन भरते. नातीच्या पिशवीतली पुस्तके वेगळी होती. ती वाचताना पोटात खड्डा पडत होता.

पहिले होते रेचल कार्सन या अमेरिकन बाईंचे 'सायलेंट स्प्रिंग'. १९६२ साली निघाले. नावाचा अर्थ मुका वसंत. वसंत आला आहे, पण पक्षी बोलत नाहीत, अशा एका कल्पनेतल्या गावापासून पुस्तक सुरू होते. बाई सरकारच्या मासे आणि वन्यजीव खात्यात नोकरीला होत्या, समुद्रावर त्यांनी आधी पुस्तके लिहिली होती. हे पुस्तक लिहीत असताना त्यांना कर्करोग झाला होता. पुस्तक आल्यावर रसायनांच्या कारखानदारांनी त्यांच्यावर नाही नाही ती टीका केली. १९६४ साली त्या वारल्या. डीडीटीवर त्यांच्या देशात बंदी आली ती १९७२ साली. त्यांनी पाहिली नाही.

डीडीटी म्हटल्यावर मला आमचे जुने घर आठवले. लहानपणी हिवतापाचे फवारणीवाले यायचे, भिंतींवर पांढरे ओघळ ठेवून जायचे, आणि आई म्हणायची, देवासारखे आले. खोटे नव्हते ते. हिवतापाने माणसे मरत होती, ती वाचली. म्हणजे पाप करायला कोणी निघालेले नव्हते, हे आधी लक्षात ठेवावे.

त्या पुस्तकातली एक हकीकत नातीने वाचली तेव्हा मी उठून बसलो. मिशिगन राज्यातल्या एका विद्यापीठाच्या आवारात एल्म नावाची मोठी झाडे होती. झाडांना रोग लागला होता. तो पसरवणारे भुंगेरे मारायचे म्हणून १९५४ साली झाडांवर डीडीटी फवारायला सुरुवात झाली. झाडे वाचवायची, एवढाच हेतू. पानांवर औषध बसले. शिशिरात पाने गळाली. गळालेली पाने गांडुळांनी खाल्ली. गांडुळे मेली नाहीत, त्यांच्या अंगात विष साठत गेले. पुढच्या वसंतात रॉबिन नावाचे तांबूस छातीचे पक्षी परत आले आणि नेहमीसारखी गांडुळे वेचू लागले. विष भरलेली अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनला मारायला पुरतात, असे बाईंनी लिहिले आहे. आणि तेवढी गांडुळे तो पक्षी दहा-बारा मिनिटांत खातो. आवारात पक्षी थरथरत मरू लागले. फवारणी कधीच संपली होती. फवारणारा माणूस घरी जाऊन जेवून झोपला होता.

नात पुढे वाचत होती, माझे लक्ष नव्हते. मला बाभळीखालची टोपली दिसत होती.

आपण कर्माची साखळी म्हणतो. पण कोणत्याही आचार्यांच्या टीकेत ती मला इतकी उघडी, कडी न् कडी मोजता येईल अशी दिसली नव्हती. झाड, पान, गांडूळ, पक्षी. यात कुठे काही गूढ नाही. कर्म वाया गेले नाही, फळ चुकले नाही. एकच झाले, ते फळ भलत्याच्याच पदरात पडले.

येथे थोडे शास्त्र सांगायला हवे, कारण माझी अडचण तिथेच आहे. कर्माचा सिद्धांत मांडताना आपले आचार्य दोन दोष टाळतात. एक कृतनाश, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ न भोगताच ते नाहीसे होणे. दुसरा अकृताभ्यागम, म्हणजे जे केलेच नाही त्याचे फळ अंगावर येणे. ज्या मतात हे दोन दोष येतात ते मत टाकाऊ, असा नियम आहे. पूर्वजन्म मानायचा तो याचसाठी. नाहीतर जन्मांध मुलाने काय केले होते, याला उत्तर राहत नाही. विद्यार्थी असताना हा युक्तिवाद मला फार आवडे. गणित सुटल्यासारखे वाटे.

पण ही पुस्तके ऐकताना असे वाटू लागले की हे दोन्ही दोष आता माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी, जगात चालू आहेत. कोळसा जाळणारा एक, गारा झेलणारा दुसरा. एकाचा कृतनाश आणि दुसऱ्याचा अकृताभ्यागम. यावर मी पूर्वजन्माचे उत्तर दिले तर पोथीतले गणित सुटते. शास्त्र सुरक्षित राहते. बांधावरचा माणूस मात्र एकटा राहतो.

कोळशाचे म्हणालो ते दुसऱ्या पुस्तकावरून. बिल मॅकिबेन या अमेरिकन लेखकाचे 'द एन्ड ऑफ नेचर', १९८९ चे. हवा तापते आहे हे सामान्य वाचकांसाठी सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. लेखक तेव्हा तिशीच्या आतला होता. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जो वायू निघतो तो हवेत साठतो आणि उन्हाची ऊब अडकवून ठेवतो, ही गोष्ट आता शाळेतली मुलेही सांगतात. कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होते. आज ४२० च्या वर गेले आहेत. एकदा वर गेलेल्या वायूतला मोठा भाग शेकडो वर्षे तिथेच राहतो. म्हणजे आज मी जाळले ते माझ्या नातीच्या नातवंडांच्या डोक्यावर असणार.

मॅकिबेन जे म्हणतो ते माझ्या शब्दांत सांगतो. निसर्ग म्हणजे काय, तर जे आपल्या हातात नाही ते. पाऊस, वारा, थंडी. माणसाने जंगल तोडले, नदी अडवली, तरी आभाळ त्याच्या हाताबाहेर होते. आता तेही राहिले नाही. पडणाऱ्या प्रत्येक पावसात माणसाचा हात मिसळला आहे.

हे ऐकून मी नातीला म्हटले, "पोरी, याला आपल्याकडे शब्द आहे." अस्मानी आणि सुलतानी. शेतकऱ्यावर संकट येते ते दोन बाजूंनी. आभाळातून आले तर अस्मानी, राज्यकर्त्याकडून आले तर सुलतानी. दोन्हींना सोसायची रीत वेगळी. अस्मानीपुढे हात जोडायचे, सुलतानीपुढे जमले तर उभे राहायचे. आपल्या वाडवडिलांनी हे दोन शब्द कायम जोडून उच्चारले, पण त्यांची गल्लत केली नाही. मॅकिबेनच्या सगळ्या पुस्तकाचे सार मला एवढेच कळले, की अस्मानीत आता सुलतानी शिरली आहे. आणि मी त्या रात्री देवळात काय केले? सुलतानी असू शकेल अशा गोष्टीला अस्मानी म्हणून हात जोडायला लावले.

इथे एक जपून बोलले पाहिजे. ती एक गारपीट हवा तापल्यामुळेच झाली, असे मी म्हणत नाही, शास्त्रज्ञही छातीठोकपणे तसे म्हणत नाहीत. गारा पूर्वीही पडत होत्या. पण असे पाहा. घरात रोज पिणारा माणूस असला, आणि आज भांडण झाले, तर हे आजचे भांडण दारूमुळेच झाले का, हे ठरवता येत नाही. भांडणे न पिणाऱ्यांच्या घरीही होतात. पण घर दारूने बुडाले हे आळीतल्या सगळ्यांना कळते. तसेच पावसाचे. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले, की मध्य भारताच्या पट्ट्यात एकदम कोसळून मोठा मुलूख बुडवणारे पाऊस १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीने वाढले, आणि एकंदर पाऊस मात्र वाढला नाही. हे वारकऱ्याला आकड्यांशिवायही ठाऊक आहे. पूर्वी मृगात पेरणी उरकायची आणि वारीला निघायचे. आता कित्येक जण पेरणी तशीच टाकून निघतात, वाटेत घरी फोन करून विचारतात, पडला का?

मग सुलतान कोण? बोट दाखवणे सोपे आहे आणि ते अगदीच खोटेही नाही. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास तो वायू हवेत सोडतो, आपल्या देशातला दोन टनांच्या आसपास. आणि त्या दोन टनांत शहरातला मोटारवाला आणि माझा डाळिंबवाला यांना एका मापात घालायचे, हाही अन्यायच. पण बोट दाखवताना मला माझा हात दिसला. चाळीस वर्षांत एका गावाहून दुसऱ्या गावाला मी जीपमधून किती फिरलो त्याची गणती नाही. सुरुवातीला एसटीने जात असे, मग मान वाढला तशी जीप आली. हल्ली तर एका कीर्तनकाराबरोबर दोन गाड्या असतात आणि बिदागीचा आकडा आधी ठरतो. असो, तो विषय निराळा. आमच्या दिंडीमागे पूर्वी एक बैलगाडी असे, आता दोन ट्रक असतात. पंगतीनंतर पत्रावळी गुरे खात, आता थर्माकोलची ताटे ओढ्याला लागतात. ती पाहत मी पुढे चालत गेलो आहे, तोंडाने तुकोबांचा वृक्षांना सोयरे म्हणणारा अभंग म्हणत. कोणाला वाटेल म्हातारा उगीच स्वतःला बोल लावून घेतो. तसे नाही. माझा वाटा लहान आहे हे मला कळते. पण तो वाटा माझा आहे, आणि त्या पोपटांचा वाटा शून्य होता.

हे सगळे मी माझ्या एका जुन्या स्नेह्यांना सांगितले. तेही कीर्तनकार, माझ्याहून विद्वान. ते म्हणाले, "बुवा, आपण परमार्थ सांगणारी माणसं, हवामान खात्याची नव्हे. गारा का पडल्या हे त्यांनी सांगावं. पडल्यावर माणसानं कसं उभं राहावं हे आपण सांगावं. प्रारब्ध काढून घेतलंत तर त्या माणसाला धरायला काय उरलं?"

हा आक्षेप हलका नाही. माझी पत्नी गेली तेव्हा मला याच शब्दाने धरून ठेवले. सहा महिने मी तो शब्द काठीसारखा वापरला. ती काठी मोडून टाका असे मी कोणाला म्हणणार नाही. कर्माचा सिद्धांत दुरुस्त करण्याची माझी पात्रताही नाही. पण विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली. पत्नी गेली तेव्हा "माझे प्रारब्ध" असे मी म्हणालो होतो. दुसऱ्या कोणी येऊन "तुमचे प्रारब्ध" म्हटले असते तर मी त्याला दारातून परत पाठवले असते. हा शब्द माणसाने स्वतःपुरता उचलायचा आहे. तो शेतकरी तरी काय म्हणाला होता? माझे प्रारब्ध ते मी पदरात घेतले. त्याने उचलला होताच. मी उगाच तो दुसऱ्यांदा त्याच्या पाठीवर ठेवला, आणि मग पोपटांच्याही.

तुकोबारायांचे चरित्र मी शेकडो वेळा सांगितले असेल, पण या डोळ्यांनी पाहिले नव्हते. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली, संतू नावाचा मुलगा गेला, दिवाळे निघाले. स्वतःच्या वाट्याला आलेल्या दुःखातून महाराजांनी वैराग्य घेतले, ते दुःख देवाकडे वळवले. पण गावची जी माणसे त्यांची ऋणको होती, ज्यांची खते घरात होती, त्यांना काय सांगितले? दुष्काळ हे तुमचे प्रारब्ध, सावकाराचे देणे हेही प्रारब्ध, असे सांगितले असते तर शास्त्राला धरूनच झाले असते. महाराजांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धी कान्होबांना दिली, कारण ती त्यांची होती. आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, आणि आपल्या वाट्यातले एकही ठेवले नाही. पाऊस पाडणे त्यांच्या हाती नव्हते. खते होती.

दामाजीपंतांचेही तसेच. मंगळवेढ्याला पाऊस पडला नाही ही अस्मानी. कोठारात धान्य असून कुलूप होते ही सुलतानी. कुलपाची किल्ली दामाजीपंतांपाशी होती. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

स्नेह्यांना मी हे सांगितले तेव्हा ते गप्प राहिले. पटले असे म्हणाले नाहीत. मीही म्हणतो, कृतनाश आणि अकृताभ्यागम यांचे काय करायचे ते मला अजून उलगडलेले नाही. रात्री झोप आली नाही की मी त्याच गाठीशी बसतो.

नातीच्या पिशवीतले तिसरे पुस्तक मी स्वतः वाचले, चष्म्यावर भिंग धरून. अनुपम मिश्र यांचे 'आज भी खरे हैं तालाब', १९९३ चे, सोप्या हिंदीतले. तुलसीदासांची सवय असलेल्याला काही अडत नाही. मिश्रांचा जन्म आपल्या वर्ध्याचा. पुस्तकाचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही, ज्याला छापायचे त्याने छापावे. देशभरात पूर्वी तलाव कोणी खणले, कसे खणले, पाणी कसे वाटले, एवढेच त्यात आहे. खणणाऱ्यांची बहुधा नावेही राहिलेली नाहीत. पहिली दोन पुस्तके ऐकून जो जीव घाबरा झाला होता तो या पुस्तकाने खाली बसला. पाऊस न पडणे हे कोणाचे प्रारब्ध याची चर्चा त्या लोकांनी केली असेल की नाही कोण जाणे. तलाव मात्र खणले. मॅकिबेनच्या पुस्तकात मला हेच उणे वाटते. तो शोक फार सुंदर करतो, पण फावडे कुठे ठेवले आहे ते लवकर सांगत नाही. अर्थात तिशीच्या आतल्या माणसाकडून एवढी अपेक्षा करू नये. पुढे त्यानेच लोक जमवून पुष्कळ काम केले म्हणतात.

रागाचेही एक सांगून टाकतो. नात ही पुस्तके वाचून संतापते. कारखानदारांना, सरकारांना, आमच्या पिढीला बोलते. "आबा, तुम्हाला कळत होतं तरी तुम्ही काही केलं नाही." मला कळत नव्हते, हे खरे, पण ते सांगून काय होणार? मी तिला माउलींच्या पसायदानाची आठवण दिली. तिथे दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्या बुद्धीचा वाकडेपणा जावा असे मागितले आहे. ती म्हणाली, "आबा, तोवर पाऊस थांबणार आहे का?" याला मी उत्तर दिले नाही. पूर्वी दिले असते.

गेल्या माघात एसटीने त्या गावी गेलो. त्या माणसाचे घर विचारत गेलो. तो आता साठीकडे झुकला आहे, गळ्यात माळ तशीच होती. मला पाहून उठला, खुर्ची दिली, सुनेला चहा सांगितला. आम्ही पाऊसपाण्याचे बोललो. डाळिंब त्याने पुन्हा लावलेच नाही. चहा झाल्यावर मी म्हणालो, "गारपिटीच्या वर्षी मी तुम्हाला पोपटांबद्दल काही बोललो होतो. ते मी बोलायला नको होतं."

तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुमच्या लक्षात आहे होय?"

बांधावर नेतो म्हणाला. काठी टेकत गेलो. बाभळ अजून उभी होती, एक फांदी वाळलेली. खाली हरभरा घाटे भरून उभा होता. पोपट कुठे पुरले ते त्याने पायाने दाखवले. तिथे वेगळे काही नव्हते, तास सरळ पुढे गेला होता. दोघे थोडा वेळ उभे राहिलो. ऊन उतरले तसे पोपट येऊ लागले, दहा-बारा असतील, आणि बाभळीत कालवा सुरू झाला.

"पहिल्याइतके नाहीत," तो म्हणाला. मग परत निघताना म्हणाला, "महाराज, यंदा बीजेच्या सप्ताहाला या. कीर्तन नको, तुमचा घसाही गेलाय. नुसते बसा आमच्यात ऐकायला."

मी येतो म्हणालो.